वाचकांचे प्रश्न : पॅलिएटिव्ह केअरमधलं (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेतलं) संशोधन आणि अध्यापन

प्रश्न : कॅन्सर वॉर्डात आठ वर्षं स्टाफ नर्स आहे. पॅलिएटिव्ह केअरमध्ये पीएचडी करून पुढे शिकवायचंय. ‘रुग्णांची जीवनगुणवत्ता’ हा विषय घेऊ का?

उत्तर : एवढा मोठा विषय घेऊ नका, त्याला तळच सापडत नाही. रात्रपाळीत जे डोळ्यांत सलतं तिथून सुरुवात करा. धाप लागलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर छोट्या पंख्याची झुळूक सोडली की बरं वाटतं, हे तुम्ही पाहिलं असेल. ती किती मिनिटं सोडायची, आराम किती वेळ टिकतो, हा झाला मोजता येणारा प्रश्न. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहाची, सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग वैद्यकीय समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. त्यांची ‘टोटल पेन’ची, म्हणजे वेदना शरीराबरोबरच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते ही, कल्पना रुग्णांचं बोलणं नीट ऐकण्यातूनच आली, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं राहिलं. म्हणून पीएचडी चालू असतानाही आठवड्यातला एक दिवस वॉर्डासाठी राखून ठेवा. तो सुटला की प्रश्न कोरडे पडायला लागतात.

प्रश्न : माझ्या अभ्यासातले निम्मे रुग्ण मधेच गळतात. गाईड म्हणतात, नमुना वाढवा. तेवढ्यानं भागेल?

उत्तर : भागणार नाही. आणि वाढवतानाही हिशेब हमखास चुकतो. शेवटी ६० रुग्ण हवेत आणि गळती ४० टक्के धरली, तर बरेच जण ६० मध्ये ४० टक्के मिळवून ८४ घेतात. त्यातले उरतात जेमतेम ५०. ६० ला ०.६ नं भागा, म्हणजे १०० येतील.

खरी अडचण वेगळीच आहे. गळतात ते बहुतेक सगळ्यात जास्त आजारी रुग्ण. उरलेल्यांची सरासरी काढली की त्रास कमी झाल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो कुणाचाच कमी झालेला नसतो. म्हणून प्रत्येक गळतीचं कारण वेगळं लिहा : मृत्यू, बोलण्याची ताकद नाही, नकार, दुसरीकडे हलवलं. मुख्य मोजमाप बाराव्या आठवड्यावर न ठेवता दुसऱ्या किंवा चौथ्यावर आणा. महत्त्वाचे प्रश्न फॉर्मच्या सुरुवातीलाच ठेवा, कारण दहाव्या मिनिटाला रुग्ण डोळे मिटतो. आणि संमती एकदाच सही घेऊन संपत नाही. दर भेटीत विचारा, ‘आज बोलूया का?’ मान वळवली तरी तो नकारच समजा.

एडमंटन स्केल (रुग्णानं प्रत्येक त्रासाला ० ते १० आकडा देण्याची प्रश्नावली) वापरत असाल तर भाषांतर जपून तपासा. त्यात थकवा आणि गुंगी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण रुग्ण दोन्हीला एकच आकडा देऊन मोकळे होतात. ‘अंगात त्राण नाही’ आणि ‘झोप येतेय’ असं फोड करून विचारलं की उत्तरं वेगळी होतात.

प्रश्न : विद्यार्थिनींना मॉर्फिनचा हिशेब येतो, पण नातेवाइकांसमोर त्या गप्प होतात. कसं शिकवावं?

उत्तर : हिशेबही एकदा तपासून घ्या. तोंडावाटे दर ४ तासांनी १० मिग्रॅ, म्हणजे दिवसाला ६०. मधेच कळ आली तर दिवसाच्या एकूण डोसचा सहावा भाग, १० मिग्रॅ, जादा. दिवसात असे ३ जादा डोस लागले तर एकूण ९०. डॉक्टरांनी त्यानुसार नियमित डोस १५ केला, की जादा डोसही १५ करून घ्यावा लागतो. मुली नेमकं हेच विसरतात आणि जुनाच १० देत राहतात. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत लिहिलंय का, हेही बघायला लावा.

बोलणं मात्र व्याख्यानानं येत नाही. चौघींचा गट करा : रुग्ण, रुग्णाची मुलगी, नर्स आणि निरीक्षक. सात मिनिटं द्या. ‘बाबा वाचतील ना?’ हे वाक्य मुलीच्या तोंडी द्या. निरीक्षकाच्या हाती घड्याळ असू द्या आणि त्या प्रश्नानंतर नर्स किती सेकंद थांबली तेवढंच तिनं लिहावं. बहुतेक जणी दोन सेकंदांत धीर द्यायला धावतात. पुढच्या फेरीत त्याच जागी नर्सला आधी एवढंच विचारायला सांगा, ‘तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय?’