निराधारचा पगार वाचवायचा तर आधी गल्लीची यादी करा

ताई, तुम्ही विचारलंय की सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई या विडी कामगारांच्या वसाहतीत आवई उठली आहे, सरकारकडे पैसा नाही, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे पगार, म्हणजे महिन्याचं सरकारी अनुदान, कमी होणार. मोर्चा काढावा का, काढला तर कुणावर? सोलापूरच्या पूर्व भागात गेली 18 वर्षं मी हे अर्ज भरून देते. त्या अनुभवावरून सांगते.

या 18 वर्षांत 'पगार कमी केला' असा आदेश मी एकदाही पाहिला नाही. उलट 600 चे 1000 झाले, 2023 साली 1500 झाले, दिव्यांगांना 2025 मध्ये 2500 मंजूर झाले. तरीही माझ्यासमोर कितीतरी बायकांचा पगार गेला. आकडा न बदलता माणूस यादीतून गळतो, आणि तीच खरी कपात असते.

सगळ्यात मोठी गळती उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. दिव्यांग सोडले तर बाकीच्यांच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे दिवसाला 58 रुपये, तेही सगळ्या घराचे. टॉवेलच्या कारखान्यात मुलगा कामाला असला की म्हातारी आई अपात्र. मग लोक 21,000 चा दाखला कसाबसा मिळवतात, आणि फेरतपासणीचं नाव निघालं की जीव मुठीत धरून बसतात. दोष त्यांचा नाही. मर्यादाच वर्षानुवर्षं हलली नाही, महागाई मात्र थांबली नाही. केंद्राचंही तसंच: वृद्धांसाठी दिल्लीतून 2007 साली महिना 200 रुपये यायचे, 60 ते 79 वयाच्यांना आजही 200 च येतात. वरचं सगळं राज्याच्या तिजोरीतून.

दुसरी गळती अंगठ्याची. चाळीस वर्षं तंबाखू आणि तेंदूपान हाताळलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका अम्मांचा पगार चार महिने थांबला. बँकेत गेलं की 'अंगठा उठत नाही, आधार अपडेट करा', आधार केंद्रात गेलं की 'मशीन घेत नाही'. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून आधार अपडेट करून घेतलं, तेव्हा सुटलं. त्या चार महिन्यांत अम्मांनी रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेतली. हे मला अजून विसरता येत नाही. अशा थांबलेल्या पगारांचा पैसा वर्षअखेर 'अखर्चित' म्हणून दिसतो आणि पुढच्या वर्षी तरतूद कमी करायला तेवढं कारण पुरतं.

विडी कामगारांनी हे एकदा भोगलंय. 1976 च्या कायद्याने विड्यांवर कल्याण उपकर, म्हणजे कामगारांच्या कल्याणासाठीच घेतला जाणारा वेगळा कर होता. त्यातून दवाखाने चालायचे, मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. त्या पैशाला स्वतःचा झरा होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि उपकर गेला. योजना राहिल्या, पण त्यांचा पैसा आता दरवर्षी अंदाजपत्रकातून मागून घ्यावा लागतो. आमच्या गल्लीत तेव्हा याची चर्चासुद्धा झाली नाही, कारण त्या दिवशी कुणाचंच काही बंद पडलं नव्हतं.

म्हणून मोर्चाआधी यादी. वहीत आडव्या रेघा मारा: नाव, मंजुरीपत्राची तारीख, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा जमा झाला, थांबला असेल तर कार्यालयाने सांगितलेलं कारण, हयातीचा दाखला दिल्याची तारीख. पासबुक स्वतः बघा, ऐकीव लिहू नका. तुमची वसाहत दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, त्यामुळे तहसील तेच. शहरातल्या बायकांसोबत भलत्या कार्यालयात जाऊन दिवस घालवू नका. जाल तिथे अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट.

यादीबरोबर माहिती अधिकारात एक अर्ज टाका, 10 रुपये लागतात. मंजूर लाभार्थी किती, गेल्या महिन्यात पैसे जमा झालेले किती, थांबलेले किती व कशामुळे, वर्षभरात मिळालेली तरतूद आणि झालेला खर्च किती, एवढंच विचारा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे.

हे सगळं कधी करायचं, यावर अर्धं काम अवलंबून आहे. खालची कार्यालयं वर 'आठमाही' सुधारित अंदाज पाठवतात, म्हणजे चालू वर्षात किती पैसा लागेल याचा मध्येच नव्याने केलेला हिशोब. दिवाळीच्या आसपासचे हे दिवस. त्यात लाभार्थी कमी दिसले तर पैसा कमीच येणार. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे जादा पैशाच्या मागण्या, येतात, त्याआधी तुमच्या आमदारांच्या हातात यादी पडली पाहिजे. मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडल्यावर निवेदन दिलं तर छापील कागदावर सही मिळते, दुसरं काही नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथेही हीच वही न्या.

दिव्यांगांसाठी आणखी एक दार आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. कुंभारीच्या ग्रामसभेत उठून मागच्या वर्षीचा खर्च विचारा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा.

आता मोर्चाचं. मी मोर्चाच्या विरोधात मुळीच नाही. तुम्ही ज्या घरात राहता ती 10,000 घरं मागून, भांडून मिळाली. शेजारच्या रे नगर वसाहतीची पहिली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये ताब्यात आली, तीही वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याने. पण त्या मोर्च्यांच्या मागे सभासदांच्या याद्या होत्या. 'पगार वाढवा' अशी घोषणा साहेब ऐकून घेतात. 'या 63 बायकांचा पगार थांबलाय, ही नावं, ही कारणं' म्हटलं की त्यांना फाईल मागवावी लागते. निवेदनात 21,000 ची मर्यादा वाढवण्याची मागणी सगळ्यात वर लिहा.

पहिल्या रविवारी एकाच गल्लीपासून सुरू करा. वहीत अंगठा न उठणाऱ्यांसाठी वेगळी खूण ठेवा आणि त्यांना आधी आधार केंद्रात घेऊन जा. त्यांना थांबायला वेळ नाही.