अमेरिकेतल्या प्रेअरीवर काउंटी सीटची छोटी गावं कशी वसली, आणि त्यातली काहीच का टिकली?

तुम्ही विचारलंय की कॅन्ससमधून गाडीने जाताना सपाट गवताळ माळावर, म्हणजे प्रेअरीवर, मधूनमधून एक छोटं गाव लागतं, मध्ये कोर्टाची इमारत, कडेला धान्याची उंच कोठारं. अशी गावं वसली कशी, आणि शेजारची ओस पडली तरी ही का तगली? मी कॅन्ससमध्येच राहते, काम धान्याच्या प्रतवारीचं, त्यामुळे अशा गावांत सतत जाणं-येणं असतं. सगळ्यांबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकच गाव नीट सांगते: डिकिन्सन काउंटीचं ॲबिलीन. वेस्टर्न सिनेमांमुळे हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. पण सिनेमांना आवडणारं ॲबिलीन जेमतेम पाच वर्षं होतं. गाव उभं राहिलं ते त्याच्या आधी आणि नंतर घडलेल्या गोष्टींवर.

आधी काउंटी सीट म्हणजे काय ते. काउंटी हा राज्याचा एक प्रशासकीय भाग, आणि तिचा कारभार जिथून चालतो ते गाव म्हणजे काउंटी सीट. आपल्याकडचं तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर आणा. खरेदीखत नोंदवायचं, घरपट्टी-जमिनीचा कर भरायचा, गाडीची नोंदणी करायची, खटला चालवायचा, तर तिथेच जावं लागतं. कोर्ट आलं की वकील येतात, मोजणीदार येतात, नोटिसा छापायला वर्तमानपत्र निघतं, बँक उघडते, लांबून आलेल्यांसाठी खानावळ लागते. म्हणून हा मान मिळवायला गावं अक्षरशः जिवावर उठत. जानेवारी 1889 मध्ये पश्चिम कॅन्ससातल्या ग्रे काउंटीत सिमॅरॉन आणि इंगल्स या दोन गावांचा वाद इतका पेटला की काउंटीची दप्तरं उचलून न्यायला डॉज सिटीहून बंदूकधारी माणसं आणली गेली. भर गावात गोळीबार झाला, माणूस मेला. कशासाठी, तर नोंदवह्यांसाठी. त्या ज्या गावात, ते गाव जगणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता ॲबिलीन. ही जमीन कुणाची नव्हती, असं समजू नका. हा कॉ या मूळनिवासी जमातीचा मुलूख. राज्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलंय. 1825 च्या तहाने त्यांच्याकडून बहुतेक भूभाग काढून घेतला, आणि 1873 मध्ये उरलेल्यांनाही आजच्या ओक्लाहोमात हलवलं. 1854 मध्ये कॅन्सस गोऱ्या वसाहतीसाठी खुला झाला. 1857 मध्ये टिमोथी हर्सी मड क्रीक या ओढ्याकाठी येऊन राहिला. पश्चिमेकडे जाणाऱ्या घोडागाड्या तिथे थांबत, हर्सी कुटुंब उतारूंना जेवण देई. गावाचं नाव त्याच्या बायकोने, एलायझाने, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातून घेतलं. 1860 मध्ये चार्ल्स थॉम्पसनने गावाचा आराखडा पाडला, आणि 1861 मध्ये, कॅन्सस राज्य झालं त्याच वर्षी, ते काउंटीचं ठाणं ठरलं. तेव्हा तिथे होतं काय? लाकडी ओंडक्यांची मोजकी खोपटं. म्हणजे गावाच्या आधी गावाचा अधिकार आला. प्रेअरीवर हे सर्रास घडलं आहे: आधी कागदावर चौकोन आखायचे, मग माणसं यायची वाट बघायची.

चौकोनांचंही सांगायला हवं, कारण आजही विमानातून खाली बघितलं की ते स्पष्ट दिसतात. सरकारी मोजणीने माळाचे सहा मैल बाय सहा मैल असे तुकडे केले, त्या प्रत्येकाचे एकेक चौरस मैलाचे 36 भाग, आणि अशा भागाचा चतकोर म्हणजे 160 एकर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने हाच चतकोर, पाच वर्षं राहून कसला की जवळजवळ फुकट मिळे. ओढा आडवा येवो की टेकडी, सीमारेषा सरळच.

1867 मध्ये रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग इलिनॉयचा तरुण गुरांचा व्यापारी जोसेफ मॅकॉय. यादवी युद्धानंतर टेक्सासात लांब शिंगांची गुरं उदंड झाली होती; तिथे बैलाला तीन-चार डॉलर मिळत, उत्तरेकडच्या बाजारात त्याच्या कितीतरी पट. मधला दुवा नव्हता. मॅकॉयने ॲबिलीन निवडलं, कारण गवत भरपूर, पाणी बारमाही, रूळ दाराशी, आणि आडवी येईल अशी वस्तीच नाही. त्याने कोंडवाडे बांधले, वजनकाटा बसवला, व्यापाऱ्यांसाठी ड्रोव्हर्स कॉटेज नावाचं हॉटेल उभारलं. टेक्सासहून येणाऱ्या चिझम वाटेने कळप हाकत आणायचे आणि इथे आगगाडीत चढवायचे. 5 सप्टेंबर 1867 ला गुरांची पहिली गाडी शिकागोकडे निघाली. त्या वर्षी सुमारे 35,000 गुरं आली, आणि पुढच्या काही वर्षांत आकडा बराच चढला.

दारूची दुकानं, जुगार, बंदुका हा भाग सिनेमांनी पुरेसा दाखवला आहे, म्हणून त्यावर थोडंच लिहिते. टॉम स्मिथ नावाच्या मार्शलने, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाने, 1870 मध्ये गावात बंदूक बाळगायला बंदी घातली आणि ती बव्हंशी नुसत्या मुठींच्या जोरावर राबवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मारला गेला, पण काउबॉयच्या हातून नव्हे. गावाबाहेर एका शेतकऱ्याला खुनाच्या आरोपावरून पकडायला गेला असताना. त्याच्यानंतर 1871 मध्ये मार्शल म्हणून आलेल्या वाइल्ड बिल हिकॉकचं नाव जगभर झालं. माझ्या मते गावावर उपकार स्मिथचे जास्त आहेत.

खरी गोष्ट कोंडवाड्यांत नाही, शेतांत घडत होती. टेक्सासची गुरं स्वतः धडधाकट दिसत, पण ती जिथून जात तिथली गावठी गुरं ताप येऊन पटापट मरत. शेतकरी म्हणत, हे या कळपांमुळेच होतं. व्यापारी म्हणत, पुरावा दाखवा. कॅन्ससच्या विधिमंडळाने 1867 मध्येच राज्याच्या वस्ती असलेल्या भागात टेक्सासची गुरं आणायला बंदी केली होती, आणि ॲबिलीन त्या बंदीच्या पट्ट्यातच येत होतं! राज्यपालांनी मॅकॉयच्या बेताला पाठिंबा दिला, म्हणून धंदा चालला. हा ताप गोचिडांमार्फत पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी 1893 मध्ये सिद्ध केलं. शेतकऱ्यांचं म्हणणं वीस-पंचवीस वर्षं आधीपासून बरोबर होतं. शिवाय कळप उभी पिकं तुडवत ते वेगळंच.

मग फेब्रुवारी 1872 मध्ये एक पत्रक निघालं. डिकिन्सन काउंटीच्या शेतकऱ्यांनी आणि नागरिकांनी टेक्सासच्या व्यापाऱ्यांना सांगितलं, की या हंगामात गुरं दुसरीकडे न्या. या धंद्याचा त्रास इथले लोक यापुढे सोसणार नाहीत. या गावाच्या इतिहासातला हा क्षण मला सर्वांत मोठा वाटतो. गावाला पैसा देणारा एकमेव धंदा लोकांनी स्वतः दारातून परत पाठवला. परिणाम लगेच झाला. कळप एल्सवर्थ आणि विचिटाकडे वळले, दुकानांना टाळी लागली, ड्रोव्हर्स कॉटेजचा मोठा भाग तर सुटा करून एल्सवर्थला नेला.

अशा वेळी दुसरं एखादं गाव संपलं असतं. ॲबिलीनकडे कोर्ट होतं, रूळ होते, आणि टी. सी. हेन्री हा माणूस होता. पत्रकामागेही तोच होता. इथली हवा मक्याला भरवशाची नाही हे ओळखून त्याने रेल्वेच्या कडेने, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, हिवाळी गहू पेरला. हा गहू शरदात पेरतात, तो बर्फाखाली थांबतो आणि जूनच्या सुमारास कापणीला येतो. 1874 च्या उन्हाळ्यात टोळधाड आली तेव्हा कॅन्ससातला मका तिने साफ खाल्ला. हिवाळी गहू तोवर कापून झाला होता. त्याच वर्षी रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी शेजारच्या काउंट्यांत टर्की रेड हा कणखर गहू आणला, आणि या राज्याची ओळखच बदलली.

आजही जूनमध्ये ॲबिलीनच्या आसपास जाऊन बघा. गव्हाने भरलेला ट्रक एलिव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या त्या उंच कोठारावर, येतो, काट्यावर उभा राहतो. वरून एक पोकळ नळी ढिगात खुपसून दाणे ओढून घेतात. ओलावा किती, काडीकचरा किती, आणि ठरावीक मापाचं वजन किती हे तिथल्या तिथे बघतात. एका बुशेलला (हे धान्य मोजायचं माप) साठ पौंड भरले तर शेतकऱ्याचा चेहरा खुलतो. पाऊस लांबून ओलावा वाढला की भावात काटछाट, आणि खिडकीशी उभ्या माणसाचं बोलणंच बंद होतं. माझं काम या खिडकीच्या आतल्या बाजूचं, म्हणून हे इतकं तपशिलात सांगते आहे. वर्षाचा हिशेब त्या काही मिनिटांत होतो.

गहू स्थिरावल्यावर कुटुंबं आली. 1878 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाहून रिव्हर ब्रेदरन या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे लोक आले, त्यांत जेकब आयझेनहॉवर होते. त्यांचा मुलगा डेव्हिड इथल्या बेल स्प्रिंग्ज क्रीमरीत, म्हणजे लोणी बनवणाऱ्या कारखान्यात, कामाला होता, आणि नातू ड्वाइट वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जाण्याआधी त्याच क्रीमरीत राबला. पुढे तो सेनापती झाला, राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचं पुस्तकालय, संग्रहालय आणि समाधी ॲबिलीनमध्येच आहे, आणि ते बघायला येणाऱ्यांवर आज गावातले कितीतरी संसार चालतात.

पण मला जास्त ओढ वाटते ती सी. एल. ब्राउनची. लहानपणी मक्याचे दाणे काढायच्या यंत्रात त्याचा हात गेला. वडिलांच्या गिरणीच्या पाण्यावर त्याने वीज काढून गावाला दिली, 1899 मध्ये ब्राउन टेलिफोन कंपनी सुरू केली आणि खेड्यापाड्यांत तारा ओढल्या. मोठ्या कंपन्यांना या वस्त्यांत रस नव्हता. तीच कंपनी नावं बदलत, वाढत अखेर स्प्रिंट ही मोठी दूरसंचार कंपनी झाली. गावात स्वतंत्र टेलिफोन कंपन्यांचं छोटं संग्रहालय आहे.

तर कुठली गावं टिकली? माझं निरीक्षण असं, की कोर्टाने गाव एकट्याने वाढत नाही, पण मरायला लागलेल्या गावाला ते वेळ देतं. धंदा गेला तरी लोकांना कागदांसाठी यावंच लागतं, आणि त्या अवधीत गावाला नवं काही सुचलं तर ते सावरतं. ॲबिलीनला गहू सुचला, मग क्रीमरी, मग टेलिफोन, मग आय-70 महामार्गाने आणलेले प्रवासी. ज्यांच्याकडे कोर्टही नव्हतं आणि रेल्वेही दोन मैल बाजूने गेली, त्यांची आता फक्त दफनभूमी उरली आहे. ॲबिलीनची वस्ती 2020 च्या जनगणनेत साडेसहा हजारांच्या आत होती, आणि ती थोडी घटतेच आहे. तरुण मुलं विचिटाला, कॅन्सस सिटीला जातात. यंत्रं मोठी झाली, तेवढीच जमीन कसायला माणसं कमी लागतात.

जायचा विचार असेल तर पर्यटकांसाठी उभारलेलं जुनं काउबॉय गाव मुलांना आवडेल, ते दाखवा. पण वेळ काढून टॉम स्मिथची कबर बघा, टेलिफोनचं संग्रहालय बघा, आणि जून असेल तर एलिव्हेटरच्या रस्त्याने एक चक्कर मारा. फक्त ट्रकांच्या रांगेत गाडी घालू नका, कापणीच्या दिवसांत तिथे कुणालाच उसंत नसते.