चर्चची जागा, बिल्डरचे टोकन आणि कलम 36

प्रश्न : आमची मंडळी नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे. चर्चलगतच्या 22 गुंठे बिनशेती जागेवर मंडळीतल्या कुटुंबांसाठी घरे बांधायची आहेत. पंचकमिटीने नाताळाआधी बिल्डरशी विकसन करार नोटरी केला आणि 11 लाख टोकन घेतले. 40 टक्के घरे आमची, उरलेली तो विकणार. धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आता घेता येईल का? – सचिव, एक मंडळी

उत्तर : करार आधी आणि मंजुरीची चौकशी मागाहून, हा क्रम अशा बहुतेक पत्रांत असतो. सगळे अडते ते तिथेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा बिनशेती जागेचा तीन वर्षांवरचा भाडेपट्टा (शेतजमीन असेल तर दहा) आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध नाही. प्रत्येक विकसन करार या कलमात येतोच असे मी म्हणणार नाही. तुमचा मसुदा मी पाहिलेला नाही. पण 60 टक्के घरे त्रयस्थांना विकायची तर जमिनीतला हिस्साही कधीतरी द्यावा लागणार. मथळ्यावर ‘विकसन’ लिहिले म्हणून ते टळत नाही.

2017 मध्ये आलेल्या उपकलम 5 ने कार्योत्तर, म्हणजे व्यवहारानंतरच्या, मंजुरीची वाट ठेवली आहे, पण फक्त अपवादात्मक परिस्थितीसाठी. तातडी, निकड, बाजारभावापेक्षा कमी नसलेला मोबदला, चांगली किंमत मिळवण्याचे प्रयत्न, विश्वस्तांचा प्रामाणिकपणा हे सगळे दाखवावे लागते. एकाच बिल्डरशी बोलून नोटरी केलेल्या कागदावर तुम्ही यातले काय दाखवणार?

तेव्हा ताबा देऊ नका, पुढचा हप्ता घेऊ नका, 11 लाखांना हात लावू नका. मंजुरीशिवाय करार अमलात येणार नाही, असे बिल्डरला लेखी कळवा; टोकन परत करायची तयारी ठेवा. अर्जात मात्र हा करार लपवू नका. महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवलेली मंजुरी आयुक्त रद्द करू शकतात.

अर्ज करण्याआधी शेड्युल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त-मालमत्तेच्या नोंदवहीचा, उतारा काढा. त्यावर जुन्याच पंचांची नावे असतील, तर अर्जावर सह्या करणारे विश्वस्त कोण, हीच पहिली हरकत येईल. बदल झाल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट (त्या कार्यालयाला बदलाची माहिती) द्यायचा असतो. निवडणुका घेऊन तो न देणे हा निव्वळ आळस. राहिलेले सगळे रिपोर्ट विलंबमाफीच्या अर्जासह आत्ताच दाखल करा, कारण ते निकाली निघायलाच किती तारखा पडतील याचा नेम नाही.

मालमत्ता पत्रकावर जुन्या मिशनचे नाव असल्यास आणखी सावध राहा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्चमध्ये) विलीन होण्याचा ठराव केला म्हणून मालमत्ता आपोआप तिकडे जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मालविया प्रकरणात सांगितले आहे. जागा सरकारने विशिष्ट कामासाठी दिलेली असेल, तर महसूल खात्याची परवानगी वेगळी.

अर्जासोबत ठराव, गरजेचे कारण, ट्रस्ट डीडमधली संबंधित तरतूद आणि तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल लागतो. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सीलबंद निविदा मागवा. त्यात तुमचा बिल्डर हरूही शकतो, हे त्याला आजच सांगा.

बिल्डर नकोच असेल, तर संस्थेने स्वतः बांधून घरे 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्यावीत. तो भाडेपट्टा नव्हे, पण करार नोंदवावाच लागतो. बांधकामासाठी कर्ज काढायचे झाले, तर कलम 36अ खालच्या अटीही आधी तपासा.

22 गुंठ्यांत कब्रस्तानाचा तुकडा येत असेल, तर मोजणी करून तो अर्जातल्या क्षेत्रातून वगळा.