इक्वाडोरच्या ॲमेझॉन जंगलात आदिवासींसोबत 'शाश्वत विकासा'चं स्वयंसेवी काम करायला जावं का?

जा, पण त्यांना शेती शिकवायला म्हणून जाऊ नका. तिथल्या नापो प्रांतातले किचवा आदिवासी 'चाक्रा' पद्धतीने शेती करतात: कोको, युका (साबुदाण्याचा कंद), केळी, ग्वायुसा (चहासारखी उकळून पितात ती पानं), औषधी झाडं, सगळं एकाच तुकड्यात, वर मोठ्या झाडांची सावली. आणि ही शेती मुख्यतः बायका सांभाळतात. २०२३ मध्ये एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने) तिला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. मग तिथे तुमचं काम काय? रोपवाटिकेत पिशव्या भरा, तण काढा, कोकोच्या शेंगा फोडा. हिशेब, फोटो, इंग्रजी पत्रव्यवहार जमत असेल तर बहुधा त्याचाच जास्त उपयोग होईल.

किचवा लोक पहाटे उजाडायच्या आत चुलीभोवती बसून ग्वायुसा पितात आणि रात्रीची स्वप्नं एकमेकांना सांगतात. बोलावलं तर जरूर उठा, मोबाईल मात्र खिशातच ठेवा.

संस्था निवडताना दोन प्रश्न खोदून विचारा: माझ्या पैशातले गावाच्या हाती किती जातात आणि मला बोलवायचं ठरवलं कोणी? सरकारने आपल्याला न विचारता तेल कंपनीला जमिनीत घुसू दिलं म्हणून सारायाकू या किचवा गावाने थेट सरकारविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये खटला जिंकला. 'आधी विचारा' हा तिथे जिव्हाळ्याचा मुद्दा आहे.

कामापुरती स्पॅनिश हवीच. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवू शकतात.