वाचकांचे प्रश्न : पक्षाचा रकाना आणि जूनमधली प्रायमरी

प्रश्न : गेल्या जानेवारीत मी अमेरिकेची नागरिक झाले. मतदार नोंदणीचा अर्ज भरताना राजकीय पक्षाच्या रकान्यापाशी पेन थांबले, कारण आपला पक्ष सरकारी कागदावर लिहून द्यायचा, हे मनाला पटत नाही. पक्ष लिहिला नाही तर २ जून २०२६ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मत देता येईल का? यजमानांकडे अजून ग्रीन कार्डच आहे आणि मुलगी ऑगस्टमध्ये १८ वर्षांची होईल, त्यांचे काय?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : देता येईल. कोणत्याही पक्षाशी संलग्न व्हायचे नाही, असा पर्याय त्याच रकान्यात आहे. तो निवडून अर्ज मात्र १२ मेपर्यंत, म्हणजे मतदानाच्या २१ दिवस आधी, दाखल झाला पाहिजे. न्यू जर्सीत असा अपक्ष मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन, डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन यांपैकी कोणाची मतपत्रिका हवी, ते तिथल्या तिथे सांगू शकतो. त्यानंतर आपली नोंद त्या पक्षात होते. नको असल्यास नंतर अर्ज करून ती काढता येते. आधीच एका पक्षात नोंद असलेल्यांना ही मोकळीक नाही. त्यांना पक्ष बदलायचा असल्यास ५५ दिवस आधी, यंदा ८ एप्रिलपर्यंत, कळवावे लागते.

आपला संकोच समजण्यासारखा आहे. भारतात तिकीट पक्षश्रेष्ठी वाटतात. इथे ते काम प्रायमरीत मतदार करतात, म्हणून आपण कोणाच्या तिकीटवाटपात भाग घेता एवढेच विचारले जाते. मत कोणाला दिले, ते गुप्तच राहते. शिवाय जिथे एकाच पक्षाचे वर्चस्व आहे, तिथे काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आयुक्तासारख्या निवडून द्यायच्या पदाचा खरा निकाल पुष्कळदा जूनमध्येच लागतो, हे आपल्या मंडळींच्या फार उशिरा ध्यानात येते.

मतपत्रिका आधी पाहून जावे. २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये पक्षसंघटनेचे उमेदवार वर्षानुवर्षे एकाच ओळीत किंवा रकान्यात छापले जात, आणि मतदार ती ओळ धरून खाली उतरत असे. २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही पद्धत थांबवली, आणि पुढे कायद्यानेच मतपत्रिका पदवार झाली. आता प्रत्येक पदाखालची नावे वाचावी लागतात. नमुना मतपत्रिका काउंटी क्लार्कच्या, म्हणजे मतपत्रिका छापणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर मिळते. (आपल्या मिडलसेक्स काउंटीत मतपत्रिकेवर इंग्रजी व स्पॅनिशसोबत गुजराती आहे, मराठीसाठी अजून वाट पाहावी लागेल.) टपाली मतपत्रिका घेतल्यास आतल्या पाकिटाला जोडलेले, सहीचे प्रमाणपत्र फाडून वेगळे करू नये. ती एकदा मागवली की केंद्रावर यंत्रावर मत देता येत नाही, तात्पुरती (नंतर पडताळून मोजली जाणारी) मतपत्रिका भरावी लागते.

मुलगी अमेरिकेची नागरिक असेल, तर तिला यंदा जूनमध्येच मत देता येईल. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण करणाऱ्या १७ वर्षांच्या मतदारांना प्रायमरी खुली करणारा कायदा याच वर्षापासून लागू झाला आहे. तिची नोंदणीही त्याच मुदतीत करावी.

यजमानांनी मात्र नोंदणी मुळीच करू नये. वाहन परवान्याच्या कामासाठी गेल्यावर तिथेच मतदार नोंदणी आपोआप होऊ शकते, तेव्हा नागरिकत्वाचा प्रश्न नीट वाचून नकार नोंदवावा. चुकून झालेली नोंदसुद्धा पुढे त्यांच्या नागरिकत्वाच्या अर्जाला अडचणीत आणू शकते, आणि अशी नोंद झालीच असेल, तर तो अर्ज करण्याआधी स्थलांतरविषयक वकिलाला दाखवावी.