श्रीमंतांना ध्यान शिकवायचंय? सुरुवात अशी करा

ताई, श्रीमंतांच्या घरी जाऊन ध्यान शिकवायचं काम सुरू करायचंय असं तुम्ही म्हणालात, तुमचा उत्साह बघून बरं वाटलं. मी बारा वर्षं लोकांच्या घरी जाऊन ध्यान शिकवतोय. सुरुवातीला थोडंच सांभाळा.

आधी पैशांचं. इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर राहण्या-जेवणासकट विनाशुल्क होतं, खर्च दानातून निघतो. मग तुमच्याकडे कोणी का यावं? म्हणून ध्यानाची किंमत लावू नका. तुम्ही त्यांच्या सोयीच्या वेळी घरी जाता, एकट्याकडे लक्ष देता, मधल्या दिवसांत विचारपूस करता, त्याचे पैसे घ्या. आकडा आधी ठरवा आणि न चाचरता सांगा. मी पहिल्यांदा एका उद्योजकांना म्हणालो, "तुम्हीच द्या काय ते." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, विषय बदलला. पुन्हा बोलावणं आलं नाही.

नवखे हमखास इथे चुकतात:

- "मधुमेह बरा होतो, बीपी जातं" अशी जाहिरात. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा मंत्रालाही चमत्कारी उपचारांतच धरतो, आणि हे दोन्ही आजार त्याच्या यादीत आहेत.
- एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरी बोलणं. पुढचं काम ओळखीतूनच येतं. एकदा विश्वास गेला की सगळी दारं बंद.
- गालिचे, दिवे, लोगो यांत पैसे घालणं आणि स्वतःची रोजची ध्यानाची बैठक सोडणं.

कुणी खूप खचलेलं दिसलं तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

रिट्रीट म्हणजे निवासी शिबिरं, वेबसाइट हे सध्या राहू द्या. तीन माणसं घ्या, तीन महिने नीट शिकवा, मग कळवा.