सशाची लेंडी सारखी मऊ पडते, खाणं बदलून फरक पडेल का?

फरक पडेल भाऊ, नक्की पडेल. तुम्ही लिहिलंय की ससा दीड वर्षाचा आहे, वाटीभर पिलेट म्हणजे पाकिटातलं तयार दाणेदार खाद्य असतं, वरून शेतातली केळी, भाकरीचा तुकडा, आणि चार दिवस बरे गेले की परत बुडाला मऊ शेण चिकटलेलं दिसतं. मी पण यावलकडचीच, आपल्या केळीच्या पट्ट्यात घरात घड असतोच आणि येणारा-जाणारा सशाला फोड देतोच, प्रेमानेच देतात सगळे, पण पहिले ते बंद करा. भाकरी, बिस्किट, पोळी पण बंद.

कारण सांगते. सशाच्या पोटात मागच्या बाजूला एक मोठी पिशवी असते, सीकम म्हणतात तिला, तिथे जंतू चारा आंबवतात. साखर आणि पीठ तिथे जास्त पोचलं की नको ते जंतू वाढतात आणि गॅस धरतो. उलट लांब काडीचा चारा आतडं हलतं ठेवतो, तो कमी पडला की आतडं मंदावतं, मग ससा खाणं कमी करतो, खात नाही म्हणून ते अजूनच मंदावतं आणि सशाला उलटी पण करता येत नाही. म्हणून पोटात नाजूक असलेल्या सशाला औषधाआधी चारा.

आणि ते मऊ शेण जुलाबच असेल असं नाही. ससा रोज द्राक्षाच्या घोसासारखी मऊ, चकचकीत लेंडी पण टाकतो आणि ती बुडालाच तोंड लावून खातो, त्यातून त्याला प्रथिनं आणि बी व्हिटॅमिन मिळतात, ते खाऊ द्यायचं. ती न खाता तशीच पडून राहत असेल किंवा चिकटत असेल तर समजायचं की पिठाळ-गोड जास्त होतंय. पाण्यासारखं पातळ पडलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

आता चारा. रोजच्या खाण्यात 80 टक्क्यांच्या वर सुका गवतच पाहिजे, दिवसरात्र समोर, जेवढा खाईल तेवढा. टिमोथी नावाचा सुका चारा ऑनलाइन मिळतो पण महाग पडतो, आपल्याकडे मारवेल किंवा हराळी कापून सावलीत वाळवली तरी छान चालते, पावसाळा संपता संपता साठवून ठेवा, फक्त बुरशीचा वास आला तर फेकायचा. कपाशीच्या बांधावरचं गवत आणू नका, तिथे फवारणी आणि तणनाशक असतं. कोवळी ज्वारी तर अजिबात नको, ढोरांना तिची विषबाधा होते हे तुम्हाला माहीतच असेल. लसूणघास लहान पिल्लाला ठीक, मोठ्या सशाला त्यात कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीत गाळ येतो.

पिलेट एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत 1 किलो वजनामागे दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत आणा. पाकिटावर क्रूड फायबर म्हणजे चोथा 18 टक्क्यांच्या वर बघा, आणि मक्याचे दाणे, रंगीत तुकडे मिसळलेलं घेऊच नका.

पालेभाजी काही दिवस थांबवा, लेंडी गोल, कोरडी, एकसारखी झाली की मग कोथिंबीर नाहीतर मुळ्याचा पाला, एका वेळी एकच आणि आधी दोन-चार पानं, दोन-तीन दिवस लेंडी बघायची मगच दुसरी. दोन नव्या गोष्टी सोबत दिल्या की कशाने बिघडलं तेच कळत नाही. कोबी अशा सशाला गॅस करतो, कांदा-लसूण तर विषच. गाजर पण गोडच असतं, कधीमधी एखादी चकती बस.

आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री जातं, त्यात ससा चारा टाकून देतो आणि पोट तिथूनच बिघडतं. बाटलीपेक्षा जड मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, जास्त पितात. जागा थंड ठेवा, ओलं गोणपाट लावा.

दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंडी थांबली, पोट फुगून दात खात बसला तर सकाळची वाट बघू नका. माणसाची गोळी देऊ नका, तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या जिवावर बेततं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशींचे असतात, तेव्हा सशाला हाताळतात का ते आजच फोन करून विचारून ठेवा. वजन कळवा, पिलेट नेमकं किती ते सांगते.